गुलाबी गोळीची हजेरी

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून आधी घाबरली असशील. घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, स्वतःच्या हाताने लिहितोय आणि अक्षर नेहमीइतकंच वाईट आहे. फोन करावा तर तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "थांब, पोरीला देते" म्हणून मोकळी होतेस. मग ती आपली वकीलबाई माझी उलटतपासणी घेते: ताप किती, पाणी किती प्यायलास, क्रिएटिनिन किती. मागून तुझा आवाज येतो, "वजन विचार त्याला." म्हणजे तू तिथेच उभी असतेस. साठीला टेकलेली बहीण आणि पन्नाशी ओलांडलेला भाऊ, आपल्यात बोलायला दुभाषी कशाला लागतो ते मला कळत नाही. कळतं, पण ते राहू दे.

तर आकडे घे. क्रिएटिनिन २.१ आहे. मागच्या महिन्यात १.८ होतं, म्हणजे किडनी थोडी मंदावली आहे. वजन चौपन्न किलो. ताप नाही. पाणी तू सांगितलंयस तेवढं पितो. दुकान रोज चार तास उघडतो. मास्क लावून, डोळ्याला भिंग अडकवून चिमटा हातात घेतला की गिऱ्हाइकांना वाटतं मी घड्याळाचं ऑपरेशन करतोय. निम्मे लोक नुसता सेल बदलून घेतात आणि तरी बरं वाटलं का म्हणून विचारतात. घड्याळाला की मला, ते मी विचारत नाही.

पुढच्या महिन्यात चौदा तारखेला तुझी किडनी माझ्या पोटात बसून वर्ष होईल. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्याबरोबर तू नर्सला विचारलंस, "सुरू झाली का?" त्या बाईंना वाटलं तू गाडीबद्दल बोलतेयस. तू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतेस हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मग त्या आठवडाभर सगळ्या वॉर्डाला ते सांगत होत्या.

आणि जुलैचं मनाला लावून घेऊ नकोस. तो व्हायरस तुझ्या किडनीबरोबर आला हे खरं असलं तरी तू काय तो मुद्दाम पाठवला होतास? मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही.

बाळाचं वजन कळव. आजी झालीस, आता तरी फोन उचल.

छोट्या


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझी चिठ्ठी पोचली. चार ओळी लिहिल्यास, त्यांत दोनदा "माझ्यामुळे". असलं लिहायचं असेल तर लिहू नकोस.

बायॉप्सी ठरली आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुईने किडनीचा धाग्याएवढा तुकडा काढून बघणार. दुखत नाही म्हणतात. जे म्हणतात त्यांचा काढलेला नसतो. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर तराजू काढून दाखवला. एका पारड्यात परक्या किडनीवर शरीराने चाल करून जाऊ नये म्हणून घ्यायच्या कॅप्सूल. त्या वाढवल्या की अंगातली लढायची ताकद जाते आणि झोपलेला व्हायरस उठून बसतो. कमी केल्या की व्हायरस गप्प होतो, पण शरीर किडनीवर धावून जातं. जुलैमध्ये व्हायरससाठी त्या कमी केल्या, शिवाय तीन आठवडे ते कडक इंजेक्शन चाललं. आता या दोन्हींपैकी कशाने किडनी बिघडली ते त्या तुकड्यात दिसेल.

बाईंचा चेहरा मी घड्याळाच्या तबकडीसारखा वाचायला शिकलोय. या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघता पुढची तारीख दिली.

तू विचारलंयस, हात कापतात का. नाही कापत आता. मेमध्ये कापत होते तेवढे नाहीत. तुला तेव्हाचं कुठे ठाऊक, तू नुकतीच परत गेली होतीस. दहा आठवडे माझ्याकडे राहिलीस, स्वयंपाक केलास, फरशी दिवसातून तीनदा पुसलीस, आणि तुझ्या स्कूलमधले शिकाऊ लोकांच्या हजेरीचे छापील तक्ते आणून भिंतीला लावून गेलीस. "क्लच", "रिव्हर्स", "चढावर गाडी थांबवणे" खोडून तिथे औषधांची नावं. शिकाऊंनी करायची तशीच रोज पुढे सही. तू गेल्यावर रोज संध्याकाळी फोन यायचा, "हजेरी लागली?" मी म्हणायचो, "लागली."

ते तक्ते अजून भिंतीवर आहेत. काढीन एकदा.

बायॉप्सीला कोण सोबत येणार म्हणून काळजी करू नकोस. शेजारचा चष्मेवाला येतो म्हणालाय. तो फार बोलतो, त्यामुळे सुईची भीती वाटायला वेळ मिळणार नाही.

छोट्या


२ मार्च

ताई,

आज वकीलबाईंचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की आज उलटतपासणी नाही. म्हणाली, "मामा, तू आईला काहीतरी सांग. आई बाळाला घेत नाही."

मला वाटलं, तुझी कंबर धरली असेल. ती म्हणाली, "दीड महिना झाला, तिने त्याला हातसुद्धा लावला नाहीये. दुपटी उकळते, बाटल्या उकळते, माझं जेवण दारात ठेवते आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून बघते. मी म्हटलं घे, तर म्हणते, माझ्या अंगात काय आहे ते तुझ्या मामाला विचार."

ताई, हे तू काय चालवलंयस? स्वतःच्या हाताने दोनशे-अडीचशे लोकांना गाडी शिकवलीस, त्यातल्या निम्म्यांनी तुला खांबावर घालायचा प्रयत्न केला, तेव्हा घाबरली नाहीस. आणि साडेतीन किलोच्या पोराला घाबरतेस?

मी लगेच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हा व्हायरस बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात असतो, आयुष्यभर झोपलेला. कोणाला पत्ताही लागत नाही. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाला आजीने घेतल्याने काही होत नाही, हात धुतले की झालं. हे जसंच्या तसं मी भाचीला सांगितलं, तिने तुला सांगितलं. त्यावर तू म्हणालीस म्हणे, "छोट्याच्या बाबतीतही सगळे असंच म्हणाले होते. गोळ्या चालू आहेत, काही होणार नाही. त्याने एक गोळी चुकवली नाही. तरी माझा व्हायरस उठलाच ना?"

एवढं सांगून ती वकीलबाई माझ्या उत्तराची वाट बघत राहिली. मी टेबलावरचे सेल एकेक करून डबीत भरत राहिलो. तिला वाटलं लाइन कटली.

घे ना त्याला. मी सांगतो म्हणून घे.

छोट्या


११ मार्च

ताई,

हे पत्र बसून वाच. एकटी असशील तेव्हा वाच, आणि मधे सोडू नकोस.

मी गोळ्या चुकवल्या. एक नाही, दोन महिन्यांच्या सगळ्या चुकवल्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तू गेलीस. त्याच आठवड्यात माझे हात इतके कापायला लागले की चमच्यातलं औषध सांडायचं. एक बाई त्यांच्या आईचं घड्याळ घेऊन आल्या, नखाएवढं. त्यातली केसासारखी स्प्रिंग मी बसवायला गेलो आणि चिमट्याने चिरडली. तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. त्या बाई "असू दे" म्हणून तुकडे रुमालात बांधून घेऊन गेल्या. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. किडनी मिळाली, पण हात गेले असं वाटलं, आणि हात गेले तर मी कोण?

मग मी जे बंद घड्याळाचं करतो तेच स्वतःचं केलं. बंद घड्याळात दोष कुठे आहे ते कळत नसेल तर एकेक भाग काढून बघायचा. ज्याच्याशिवाय चाल सुधारली, तो दोषी. सकाळी मी अकरा गोळ्या घ्यायचो. त्यातली सगळ्यात मोठी गुलाबी, व्हायरससाठीची. ती तशीही घशात अडकायची. मी ती आधी काढली. पाच दिवसांत हात थांबले, ताई. देवाशपथ थांबले. मी इतका खूश झालो की त्या दिवशी सात घड्याळं उघडली.

हात गुलाबी गोळीने कापतच नव्हते. ते कॅप्सूलने कापत होते. त्याच आठवड्यात रक्तात तिचं प्रमाण जास्त निघालं म्हणून डॉक्टरीणबाईंनी ती कमी केली होती, म्हणून थांबले. त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, "आता थरथर कमी होईल." मी हो म्हटलं आणि ऐकलं नाही. मला दोषी सापडला होता. घड्याळात असं होत नाही, ताई. घड्याळात बाहेरून कोणी फोन करून स्प्रिंग सैल करत नाही.

आणि तक्त्यावर मी रोज सही करत राहिलो. गुलाबी गोळीच्या रकान्यात. आधी वाटलं, तू रागावशील. मग वाटलं, आता इतक्या दिवसांचं सांगितलं तर जास्त रागावशील. संध्याकाळी तुझा फोन यायचा, हजेरी लागली का, मी म्हणायचो लागली. गोळ्या मी बरण्यांत भरून दुकानातल्या सुट्या भागांच्या खणात ठेवल्या. टाकवल्या नाहीत. का ते माहीत नाही.

जुलैमध्ये ताप आला, जुलाब लागले, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. तू रजा टाकून धावत आलीस. डॉक्टरीणबाई तक्ता बघून गोंधळल्या. रोजच्या रोज सह्या, एक दिवस मोकळा नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, गोळ्या चालू असताना उठला, नेहमीच्या इंजेक्शनाने पण उतरत नाही, म्हणजे हा औषधाला दाद न देणारा प्रकार दिसतो. म्हणून त्यांनी ते दुसरं कडक इंजेक्शन काढलं. ते किडनीवर भारी असतं, हे त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तू विचारलंस, "दुसरा उपाय नाही का?" मी तुझ्या शेजारी बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायलो.

पण ते माझं सगळ्यात वाईट नाही. सगळ्यात वाईट दुसऱ्या दिवशीचं आहे.

तू डॉक्टरीणबाईंना विचारलंस, "हा आला कुठून?" त्या म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं ना, दात्याच्या अंगात असतो, किडनीबरोबर येतो, म्हणून तर गोळ्या. तू म्हणालीस, "म्हणजे माझ्यातून." त्या पुढे बरंच समजावत होत्या, तुझं लक्ष नव्हतं. तू माझ्याकडे वळलीस. तुझा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता, दाजी गेले तेव्हाही नाही. त्या क्षणी मी तुझा हात धरला आणि म्हणालो, "असू दे गं ताई. तुझी काय चूक? मी तुला कधी दोष देणार नाही."

मी तुला माफ केलं, ताई. माझ्या चुकीबद्दल तुला माफ केलं. नर्सबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, असा भाऊ नशिबाने मिळतो. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडलं. तुझी किडनी घेतल्यापासून मी तुझ्यापुढे मान खाली घालून होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तुझी खाली गेली, आणि मला हलकं वाटलं.

तेव्हापासून तू माझ्यासमोर आली नाहीस. मला वाटलं, जाईल चार महिन्यांत. तू पोरीच्या आडून माझं वजन विचारत राहिलीस आणि मी आकडे देत राहिलो. उबदार वाटायचं, कोणीतरी रोज विचारतंय. ते सोडवत नव्हतं. खरं सांगितलं तर ते बंद होईल, एवढीच भीती होती. किडनीची नव्हती.

काल बायॉप्सीच्या आधी मी डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. बरण्या पिशवीत घालून नेल्या आणि टेबलावर ठेवल्या. बाईंनी एक बरणी हलवून बघितली. पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "जुलैमध्ये सांगितलं असतंत तर ते कडक औषध मी काढलंच नसतं. साधंच इंजेक्शन आणखी आठवडाभर चालवलं असतं."

मी म्हटलं, "हो."

"बहिणीला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय? माझ्या हातात आता काय आहे? सुई आहे, ती मी घालणारच आहे. तुमच्या बहिणीचा मला नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला फोन येत होता. विचारायच्या, माझी दुसरी किडनी पण अशीच असेल का, काढून टाकावी का. मी त्यांना आठ वेळा समजावलं. मला वाटलं, बाई हट्टी आहेत." मग त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "झोपा टेबलावर. शर्ट वर करा."

तर आता ऐक. तुझ्या किडनीत काही खोट नव्हती. ती पहिल्या मिनिटाला सुरू झाली. जो व्हायरस तुझ्यात झोपला होता तो माझ्यातही झोपून राहिला असता. त्याला मी उठवलं. आधी गोळ्या सोडून, मग खोटं बोलून. तुझ्या अंगात विष नाही. तू कोणाला काही केलेलं नाहीस. ज्याने केलं त्याला तू गेले आठ महिने जपतेयस.

हे वाचून तू माझी चौकशी बंद करशील. कर. भाचीला हे पत्र वाचायला दे, तिला हवं ते म्हणू दे. पण आधी हात धू, खोलीत जा आणि त्या पोराला उचल. मला उत्तर नको. हे एवढं कर.

छोट्या


३० मार्च

ताई,

तू उत्तर पाठवलं नाहीस, ते बरोबरच आहे. हे पत्रही तू फोडलं नाहीस तरी चालेल. मला लिहायचंय म्हणून लिहितो.

बायॉप्सीचं सांगतो, कारण किडनी तुझी होती आणि तुला कळायला हवं. व्हायरस आता नाही. शरीरानेही हल्ला केलेला नाही. त्या इंजेक्शनाच्या जखमा मात्र आहेत, वाळून घट्ट झालेल्या. त्या भरून येणार नाहीत. उरलेला भाग काम करतोय. किती वर्षं करेल ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. पाच म्हणाव्यात की दहा, असा विचार करत होत्या, मग म्हणाल्या, "गोळ्या घ्या." त्यांनी माझी फाइल दुसऱ्या डॉक्टरांकडे दिली नाही, हे मी खूप मानतो.

पत्र टाकल्यावर अठरा दिवस तुमच्या घरून काही आलं नाही. वकीलबाईंचाही फोन नाही. तिने वाचलं असणार. मी रोज चार वाजता दुकानात फोन समोर ठेवून बसत होतो, कारण ती त्या वेळी करायची. चष्मेवाल्याने विचारलं, कोणाची वाट बघतोस. मी म्हटलं, गिऱ्हाइकाची.

काल फोन आला. चार वाजून गेले होते. मी उचलला, हॅलो म्हटलं, पण भाची बोलली नाही. नुसता खोलीतला आवाज येत होता. पंखा, एक खुर्ची, आणि बाळाची किरकिर. त्याने रडायचं की नाही ते ठरवलेलं नव्हतं. मग त्याच्या वरून तुझा आवाज आला. तू त्याला काहीतरी सांगत होतीस, क्लच सोड, हळू, हळू, एकदम नाही सोडायचा. शिकाऊ लोकांना सांगतेस त्याच आवाजात. किरकिर तुझ्या अगदी तोंडाजवळून येत होती. तो तुझ्या खांद्यावर होता.

भाचीने मला सांगायला म्हणून फोन लावला असावा, आणि मग तिला सांगता आलं नसावं. तिने फोन तसाच चालू ठेवला. मला तो बंद करायला हवा होता, चोरून ऐकणं बरं नाही. मी केला नाही. दुकानात एक माणूस घड्याळ घेऊन आला, त्याला मी हाताने थांब म्हटलं. माझा चेहरा बघून तो बिचारा निघून गेला.

हळूहळू किरकिर कमी झाली. तुझ्या फेऱ्या ऐकू येत होत्या, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मग फेऱ्या थांबल्या, आणि तुझा आवाज एकदम जवळ आला. तू फोन बघितला होतास.

म्हणालीस, "छोट्या, आहेस ना तू तिकडे?"

मी सगळं पाठ करून ठेवलं होतं, अठरा दिवस.

तू म्हणालीस, "बोलू नकोस. आत्ताच झोपलाय."

मी बोललो नाही. तूही फोन ठेवला नाहीस.

छोट्या